म्हाळसाआत्याचे वकील

सस्ते सर गेले त्या सकाळी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडला, "शांत, संयमी, मितभाषी व्यक्तिमत्त्व हरपले." त्याखाली हात जोडल्याची चित्रं सुरू झाली. दुपारपर्यंत सर 'अजातशत्रू'ही झाले. हा शब्द ज्यांनी लिहिला, त्यांचं आणि सरांचं खुर्चीवरून भांडण होतं. खुर्ची म्हणजे सत्तेची नव्हे, स्टाफरूममधली, पंख्याखालची. ते भांडण दोघंही निवृत्त होईपर्यंत मिटलेलं नव्हतं.

मी काही लिहिलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मलाही पटतं. पण ज्या माणसानं हयातभर 'अमुक पात्राचे गुण सांगा' या एकाच प्रश्नाशी झटापट केली, त्याच्याच गुणांची इतकी चुकीची यादी लागावी, हे काही बरं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

ज्ञानदेव सस्ते मूळचे बारामतीजवळच्या सांगवीचे. घरचा ऊस, तो धाकटा भाऊ बघायचा. सर इंदापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. मीही तिथंच भूगोल शिकवायचो आणि राहायला बारामतीत होतो. सर सांगवीहून मोटारसायकलवर बारामतीच्या स्टँडवर यायचे, गाडी तिथं लावायचे आणि मग आम्ही दोघं इंदापूरच्या एसटीत बसायचो. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी 'भूगोल' होतो. आमचे एक देशपांडे 'अर्थशास्त्र' होते, शिंदे मॅडम 'इतिहास' होत्या. प्राचार्यांना तेवढे ते 'साहेब' म्हणत. कारण विचारलं तर म्हणायचे, "त्यांना आता विषय कुठला राहिलाय?"

अंगानं बुटके, शर्ट पांढरा, खिशापाशी निळ्या शाईचा डाग. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बॉलपेन वापरायला सांगून पाहिलं. पण बॉलपेननं लिहिलेलं मत पातळ होतं असं सरांचं म्हणणं. आवाज असा की एसटीच्या शेवटच्या बाकावरून ते ड्रायव्हरशी बोलू शकत, आणि बोलत. एरवी वर्गात शुद्ध मराठी, पण अंगात आलं की सांगवी बाहेर पडायची.

त्यांच्याजवळ बसून कुणी कुणाला 'चांगला माणूस' म्हटलेलं त्यांना सोसत नसे. एकदा लासुर्ण्याला एक गृहस्थ चढले आणि शेजारच्याला आपल्या सरपंचाचं कौतुक सांगू लागले. "लई चांगला माणूस. कधी कुणाला न्हाय म्हणत न्हाय."

सर पुढच्या बाकावरून वळले. "चांगला म्हंजे नेमका कसा?"

"न्हाय म्हणत न्हाय की."

"मग तुमचं काम झालं का?"

"काम न्हाय झालं," गृहस्थ म्हणाले, "पण न्हाय म्हणाले न्हाईत."

"ज्या गुणाचा कुणालाच त्रास होत न्हाय, तो गुण नव्हं," सर म्हणाले. "ती निव्वळ सवय हाय." गृहस्थांना हे वाक्य कळलं की नाही ठाऊक नाही, पण शेळगावला जागा रिकामी होताच ते मागं जाऊन बसले.

या वाक्याचा उगम एका कादंबरीत होता. कादंबरी जुनी, सामाजिक म्हणतात तशी, आणि बी.ए.च्या अभ्यासक्रमात इतकी वर्षं ठाण मांडून बसलेली की तिला तिथून उठवायचं कुणाला सुचत नव्हतं. गोष्ट साधी. भागीरथी नावाची मुलगी मोठ्या घरात सून म्हणून येते. सासू छळते, नवरा लक्ष देत नाही, ती एका शब्दानं बोलत नाही आणि शेवटच्या प्रकरणात तापानं मरते. मेल्यावर सगळ्या घराला तिचे गुण कळतात. त्याच घरात नवऱ्याची एक आत्या आहे, म्हाळसाआत्या. ती विधवा, तोंडाची फाटकी, सकाळी उठल्यापासून कुणाशी तरी वाजवणारी. बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये भागीरथीपुढं सोशिक, त्यागी, मायाळू, पतिनिष्ठ असे चार गुण छापलेले होते आणि म्हाळसाआत्यापुढं 'खलपात्र' एवढा एकच शब्द.

सस्ते सर हे म्हाळसाआत्याचे वकील होते.

"भागीरथी तापानं फणफणलीय," सर वर्गात सांगायचे, "आणि सगळं घर दिवाणखान्यात बसून सत्यनारायणाची तयारी करतंय. वैद्याला कोण आणतं? म्हाळसाआत्या. भर दुपारी, अनवाणी. सासूच्या तोंडावर सांगती, की ही मेली तर तुझ्या पूजेचा प्रसाद मी गुरांना घालीन. आता मला सांगा, त्या घरात गुणी कोण?"

पोरं वहीत बघत. मग एखादी धीट मुलगी विचारायची, "सर, परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत गाइड लिहा," सर खिन्नपणे म्हणायचे. "हे मी जगण्याबद्दल सांगतोय. त्याचा पेपर वेगळा असतो."

पण दरवर्षी एखाद-दुसरा विद्यार्थी त्यांचंच लिहून यायचा आणि नापास व्हायचा. पेपर तपासायला एकदा सर स्वतःच होते. एका उत्तरपत्रिकेत कुणी तरी लिहिलं होतं, 'भागीरथी ही गुणी नसून घाबरलेली होती.' एवढंच, एक ओळ. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. वरच्या तपासनिसांनी त्यांना बोलावून घेतलं. आदर्श उत्तरात चार गुण आहेत, दर गुणाला एक गुण, यात तर एकही गुण नाही, मग गुण कसले दिलेत, असं ते विचारत होते. सर म्हणाले, या पोरानं पुस्तक वाचलंय. तपासनीस म्हणाले, ते प्रश्नात विचारलेलं नाही. हा किस्सा सर पुढं कित्येक वर्षं सांगायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "त्यांचं बरोबरच होतं. विचारलेलं नव्हतंच."

मानपत्राची गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस मोठा व्हायचा. मंडप, फेटे, केकऐवजी उसाची मोळी. एका वर्षी प्राचार्यांनी मानपत्र लिहायचं काम सरांवर टाकलं. "गुणवर्णन तुमचाच प्रांत," ते म्हणाले. सरांनी होकार दिला तेव्हाच मला शंका आली होती.

मंडपात मानपत्र वाचायला उपप्राचार्य उभे राहिले. पंख्याखालच्या खुर्चीचे दुसरे दावेदार ते हेच. आवाज त्यांचा नाटकातला, थरथरता. ते वाचू लागले, "आपण मितभाषी आहात, कारण आपल्या वतीने बोलणाऱ्यांची वाण नाही. आपण क्षमाशील आहात. स्वतःच्या चुका आपण कधीही मनात ठेवल्या नाहीत. आपण उदार आहात. श्रेय वगळता सर्व काही आपण इतरांना दिले. आणि आपल्या सहनशीलतेला तर सीमाच नाही. या तालुक्याचे हाल आपण वर्षानुवर्षे धीराने सहन करीत आहात."

मी मान खाली घातली. आता मंडप उठणार असं वाटलं. मंडप उठला, पण टाळ्या वाजवायला. अध्यक्षांनी रुमालानं डोळे टिपले. सरांना जवळ ओढून ते माइकवरून म्हणाले, "सस्ते सरांनी आज माझं काळीज वाचलं." मानपत्राला फ्रेम करून ते संस्थेच्या कार्यालयात लावलं. येणारेजाणारे ते वाचायचे, निदान तसे त्याच्यासमोर उभे राहायचे.

परतीच्या एसटीत सर पार उतरून गेले होते. "भूगोल, एकानं सुद्धा कान टवकारला न्हाय. मी तीन रात्री घासून लिहिलं."

"राग यायला हवा होता का त्यांना?"

"थोडा तरी यावा की. माणसं इतकी का गुळगुळीत झाली?"

पुढच्या वर्षी प्राचार्यांनी निरोप पाठवला, यंदाही तसंच होऊ द्या. सरांनी आजारपणाची रजा टाकली.

घरी मात्र सरांचं काही चालत नसे. शालनकाकू मोजकं बोलायच्या. "जगाला गुण वाटत फिरतात," त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "पण प्यालेला कप जागचा उचलत न्हाईत. ते कुठल्या गुणात बसतं, विचारा तुमच्या सरांना." सर कप घेऊन मोरीकडं गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता सारिकाची गोष्ट. हिच्यामुळंच मला सर खरे कळले, आणि मला वाटतं सरांनाही.

सारिका शेंडे निमगाव केतकीची. वडील पोपटराव, त्यांचा पानमळा. मुलगी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. हुशार, आणि गप्प बसणं हे तिला शिक्षा म्हणून सांगावं लागायचं. सरांची अर्थातच लाडकी. एक दिवस पोपटराव कॉलेजात आले. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचं इंदापूरला बायपासवर ट्रॅक्टरचं गॅरेज, घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. पोपटराव सरांना म्हणाले, "सर, त्या दिवशी तुमी यायचं. तुमी पोरीचे चार गुण सांगितले म्हंजे शिक्का बसला. आमी सांगून काय, बापच आमी."

मी निमगाववरूनच जाणार असल्यानं मलाही बोलावणं झालं.

पाहुण्यांत मुलगा अमोल, त्याची आई हिराबाई आणि मामा. मामा भिगवणचे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आल्यापासून एकटेच बोलत होते. अमोल हात मांडीवर ठेवून सतरंजीची नक्षी बघत होता. सारिका पोहे देऊन आत गेली. मामांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मग सर, मुलगी कशी काय?"

पोपटरावांनी सरांकडं मोठ्या आशेनं पाहिलं.

सरांनी घसा साफ केला. मला तो आवाज ओळखीचा होता, वर्गात प्रकरण सुरू करतानाचा. "सारिका गुणी आहे," ते म्हणाले. पोपटराव हसले. "पण कुठले गुण ते नीट ऐका. ती ऐकून घेत न्हाय. समोरचा कितीबी मोठा असू द्या, चुकला की तोंडावर सांगती. मला भर वर्गात सांगितलंय. तिला राग येतो आणि आला की दिसतो. स्वयंपाकाचं मला ठाऊक न्हाय, पण डबा ती रोज मैत्रिणीचा खाती. सोशिक म्हणाल तर अजिबात न्हाय, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण."

मामांचा चहा ओठांपर्यंत गेलेला तिथंच थांबला. सरांना ते दिसलं नाही, कारण ते कादंबरीत शिरले होते. सोशिक बायकांचं काय होतं हे त्यांनी भागीरथीच्या उदाहरणानं सांगायला घेतलं. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. पण त्यांना भागीरथीला ताप आणायचा होता आणि त्यांनी तो आणला. "शेवटी मेली," ते म्हणाले, आणि शुभकार्याच्या त्या खोलीत तो शब्द पानाच्या तबकाशेजारी जाऊन बसला.

मामा उठले. "बरंय. कळवतो."

आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागत नाही. पोपटराव आम्हाला पोचवायला फाटकापर्यंतही आले नाहीत.

एसटीत सर फुललेले होते. "एक भागीरथी वाचली, भूगोल. बघा, तिचा बापबी पुढं आभार मानील."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सारिका स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत सगळे डबे उघडून बसलेले.

"सर, काल तुमी काय बोलला?"

"जे खरं ते बोललो."

"कुणाला विचारून?"

सर हसले. "खरं बोलायला विचारावं लागतं का?"

"माझ्याबद्दल बोलायला मला विचारावं लागतं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त ऐकू येत होता. "मुलगा मला पसंत हाय सर. आजचा न्हाय, वर्षभर पसंत हाय. स्कूटीत काही बिघाड नसताना मी ती त्याच्या गॅरेजात नेत होते. घरात कुणाला संशय येऊ न देता हे स्थळ त्याच्या मामांना सुचावं, मामांनी ते माझ्या आत्याला सांगावं, आत्यानं वडलांना सांगावं, यात माझं सगळं वर्ष गेलं. वडलांना वाटतं स्थळ त्यांनीच शोधलं. आणि तुमी एका दुपारी मोडलंत."

सरांच्या हातातला घास डब्यात परत गेला. "मला वाटलं, तुला नको असताना..."

"वाटलं. विचारलं न्हाय." ती जायला वळली आणि थांबली. "तुमी मला वाचवत नव्हता सर. तुमी पेपर लिहीत होता."

ती गेली. उपप्राचार्यांनी पंखा एकनं वाढवला.

त्या संध्याकाळी एसटीत भवानीनगर येईपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली."

"हो."

"बरोबर बोलली याचं काय न्हाय. चांगलं बोलली. मला असं वाक्य कधी सुचलं नसतं." आणि थोड्या वेळानं, "तिच्या नजरंला नजर द्यायची कशी आता?"

रविवारी ते मला घेऊन अमोलच्या गावी गेले. उजनीच्या पाण्याकाठचं गाव, घराच्या मागं पाणी दिसत होतं. हिराबाई म्हशीला पेंड चारत होत्या. सरांनी चपला काढल्या, बसायच्या आधीच माफी मागितली.

"अवं, मला कुठं राग आलाय?" हिराबाई म्हणाल्या. "पोरगी फटकळ हाय म्हणालात, मला बरंच वाटलं. हितं घरात माणसं हायेत का न्हाईत तेच कळत न्हाय, इतकी शांतता."

"मग अडलं कुठं?"

"दादाला राग आला, अमोलच्या मामाला. पोरीचा न्हाय, तुमचा. तुमी त्याच्यापेक्षा जास्त बोललात."

"मग तुमी सांगा की त्यांना."

"माझं मालक गेल्यापासून त्यानंच सगळं बघितलंय सर. त्याच्या म्होरं मी कशी बोलू?"

तेवढ्यात अमोल आला. हाताला ग्रीस, ते पुसत उभा राहिला. सरांनी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मामा म्हणतील तसं."

"पोरगी पसंत हाय का न्हाय?"

अमोलनं बराच वेळ एकच बोट पुसलं. मग मान हलवली, हो अशी.

"मग बोल की मामांशी."

"बोलायचं हाय सर. कधी बोलायचं ते कळंना."

बाहेर आल्यावर सर चपला घालता घालता थांबले. "भूगोल, कादंबरीतली भागीरथी मी जन्मभर बाईमाणसांत शोधली. हितं तर तिला मिशा हायेत."

पुढं त्यांनी जे केलं, ते त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल, ते मीच सांगू शकतो, कारण मी शेजारी बसलो होतो. ते भिगवणला मामांच्या घरी गेले आणि तिथं, ज्ञानदेव सस्ते, बोलले नाहीत. मामा बोलले. मामांनी स्वतःचं लहानपण सांगितलं, गावासाठी काय काय केलं ते सांगितलं, भावकीत आपण किती पडतं घेतलं ते सांगितलं, स्वतःचे गुण एकेक करून, उदाहरणासह. सर मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होते. एके ठिकाणी मामा म्हणाले, "मी कुणाला दुखवत न्हाय, माझा स्वभावच न्हाय तसा." सरांचे ओठ हलले. मी डोळे मिटून घेतले. पण सर "व्हय" म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. ऊन कलायला आलं तेव्हा मामांनी प्रसन्न होऊन विचारलं, "सर, तुमी तर समजूतदार माणूस दिसता. त्या दिशी काय झालतं तुमाला?"

"ऊन लागलं असंल," सर म्हणाले.

"मला वाटलंच," मामा म्हणाले, आणि तिथंच पोपटरावांना फोन लावला.

परत येताना मी म्हणालो, "सर, आज सोशिकपणा कामाला आला म्हणायचा."

"गप बसा, भूगोल."

सोमवारी त्यांनी सारिकाला गाठून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "एक मात्र सांगून ठेवतो. पोरगा सोशिक हाय."

"मला माहीत हाय सर," ती म्हणाली. "म्हणून तर पसंत केला."

लग्नात सरांना दोन शब्द बोलायला माइक दिला होता. त्यांनी तो मामांच्या हातात दिला.

त्यानंतर सर बदलले असं म्हणणं धाडसाचं होईल. एसटीत ते तसेच वळून विचारायचे, स्टाफरूममध्ये खुर्चीसाठी तसेच लवकर यायचे. पण वर्गात एक गोष्ट वेगळी झाली. भागीरथीवर पूर्वी ते तुटून पडायचे, आता विचारायचे, "हिला त्या घरात कुणी तरी विचारलं असतं, बाई तुला काय पाहिजे, तर ती काय म्हणाली असती?" पोरं काहीबाही उत्तरं द्यायची. म्हाळसाआत्यानं तरी विचारलं का, असं एकानं म्हटलं. सरांनी पुस्तक उघडून ती पानं पुन्हा चाळली आणि म्हणाले, "न्हाय. तिनंबी न्हाय विचारलं." तास संपायला वेळ होता, तरी त्यांनी वर्ग सोडला.

मग अभ्यासक्रम बदलला. कादंबरी गेली आणि तिच्या जागी 'संवाद कौशल्य' आलं. त्यात संवादाचे पाच घटक होते आणि उत्तम श्रोत्याचे गुण होते, तेही चार. सरांनी निवृत्तीपर्यंत ते शिकवलं. एकदा मी दारावरून जात होतो. सर फळ्याकडं तोंड करून गुण लिहीत होते आणि मागं सगळा वर्ग मोबाइलमध्ये होता.

निवृत्तीनंतर ते सांगवीला उसाच्या कडेला रमले असं ऐकत होतो. भावाशी पाण्याच्या पाळीवरून रोज वाद, म्हणजे तब्येत ठणठणीत. पण एका सकाळी उठले तेव्हा अर्धांगानं उजवी बाजू गेलेली होती, आणि वाचाही. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं, शब्द तेवढा येत नव्हता.

मग माणसं भेटायला येऊ लागली. त्यात पुष्कळसे असे होते की सरांना बोलता येत असताना ते रस्ता बदलून जात. आता ते कॉटशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि आपलं सगळं सांगायचे. संस्थेचे अध्यक्षही शाल घेऊन येऊन गेले. काकू सगळ्यांना चहा करायच्या. "आता कुणाशी वाकडं न्हाय त्यांचं," त्या मला म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात काही आनंद नव्हता.

मी शेवटचा गेलो तेव्हा उपप्राचार्य तिथं आधीच बसलेले होते. "बघा कसे शांत झालेत," ते मला म्हणाले. "चेहऱ्यावर समाधान आहे. हा सोसण्याचा गुण सगळ्यांत नसतो." सर त्यांच्याकडं बघत होते. त्या नजरेत जे होतं, त्याला समाधान म्हणायला उपप्राचार्यच हवेत.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. सारिका आणि अमोल. आता गॅरेजशेजारी तिचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तालुक्यातले ट्रॅक्टरवाले तिला दबून असतात. तिनं काकूंच्या हातात पानांची जुडी दिली, कॉटच्या कडेला बसली आणि तब्येत वगैरे काही न विचारता मोठ्यानं म्हणाली, "सर, ती कादंबरी मी परत वाचली. तेव्हा मला कळलं नव्हतं, आता पटलं. गुणी असंल तर भागीरथीच. किती सोसलं बाईनं. आणि ती म्हाळसाआत्या म्हंजे निव्वळ भांडकुदळ."

सरांचा डावा हात स्टुलाकडं गेला. तिथं पाण्यानं भरलेलं स्टीलचं फुलपात्र होतं. ते त्यांनी उचललं आणि स्टुलावर आपटलं. पाणी सगळीकडं उडालं.

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. उपप्राचार्य उभे राहिले. "अहो, त्यांना त्रास देऊ नका."

"त्रास न्हाय सर, चर्चा चाललीय," सारिका म्हणाली, आणि पुन्हा सरांकडं वळली. "आणि शेवटी भागीरथी मेली तेबी बरंच झालं. कादंबरीला शोभून दिसलं."

फुलपात्र पुन्हा आदळलं, आणखी जोरात. सरांचं तोंड वेडंवाकडं झालं, मान ताठ झाली आणि घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो, पण आमच्या कॉलेजात शिकलेल्या कुणालाही कळलं असतं की हे खडसावणं आहे. काकू दारातच थांबल्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या की काय, ते मला नीट दिसलं नाही.

उपप्राचार्य घड्याळ बघून निघाले, त्यांच्याबरोबर मीही उठलो. दारातून मागं वळून पाहिलं तेव्हा सारिका तिसरा मुद्दा मांडत होती. अमोलनं कोपऱ्यातलं फडकं घेऊन फरशी पुसली, चेपलेलं फुलपात्र हातानं जरा सरळ केलं आणि सरांच्या डाव्या हाताला पुरेल असं पुन्हा स्टुलावर ठेवलं. या खेपेला त्यानं त्यात पाणी भरलं नाही.